एक मत जास्त

१

थोरलीचं काम दातांचं होतं. दात उपटणारी ती नव्हे, दात घडवणारी. शहरातले काही डॉक्टर लोकांच्या तोंडांचे ठसे तिच्याकडे पाठवायचे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत बसून ती त्यांच्या कवळ्या करायची. खोली म्हणजे एक लांब टेबल, खिडकीखाली नळ, प्लास्टरमधले बुडबुडे निघावेत म्हणून सारखं गुरगुरणारं एक छोटं मशीन आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची ठेवायचं कारणच नव्हतं, कारण तिथे माणसं येत नसत, फक्त त्यांचे जबडे येत. "माझ्याकडे सगळे आ वासूनच येतात," असं ती म्हणायची. हा विनोद तिने इतक्यांदा केला होता की आता तिला स्वतःलाही हसू येत नसे.

दिवसभर कुणाशी एक शब्द बोलायची वेळ आली नाही, की माणसाला निदान कानात तरी कुणीतरी लागतं. थोरलीच्या कानात बिनतारी इयरफोनमधून 'मैफल' असायची. एकेकटं काम करणाऱ्या डझनभर लोकांनी इंटरनेटवर मांडलेला तो संसार होता. सकाळी प्रत्येकाने आपापली गाणी यादीत टाकायची, बाकीच्यांनी मतं द्यायची, ज्याला मतं जास्त ते गाणं वर सरकायचं आणि सगळ्यांच्या कानात एकाच क्षणी वाजायचं. मैफल सुरू केली होती घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने. त्याला सगळे घड्याळजी म्हणत. पुस्तकांची मुद्रितं तपासणारा एक जण होता, त्याचं नाव स्वल्पविराम पडलं होतं. थोरली तिथे दंतकथा होती.

आणि तिथे एक तक्रारपेटी होती. ती थोरलीची धाकटी बहीण. घरी बसून कुठल्याशा कंपनीच्या चिडलेल्या ग्राहकांना गोड भाषेत उत्तरं लिहायची, हा तिचा धंदा. एरवी तिच्या जिभेला हाड नव्हतं, त्यामुळे हे काम तिला कुणी दिलं याचंच घरच्यांना नवल वाटायचं.

आई गेली तेव्हा थोरली तिला म्हणाली होती, "घर बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये." धाकटी म्हणाली, "मला कुणाची सोबत लागत नाही." थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "मग बस एकटीच." झालं, एवढंच. याला भांडण म्हणायचं तर भांडणाचाच अपमान. पण तेव्हापासून एका बसच्या अंतरावर राहणाऱ्या दोघी बहिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. फोन नाही, निरोप नाही. फक्त मैफलीत रोज सकाळी तक्रारपेटीच्या नावापुढे हिरवा ठिपका यायचा, आणि तो आला की थोरलीच्या जिवात जीव यायचा. बहीण उठली आहे, कामाला बसली आहे, आपल्या कानात वाजतंय तेच तिच्याही कानात वाजतंय. दोघींमध्ये आता तेवढाच धागा उरला होता आणि तो तुटू नये म्हणून थोरली सुट्टीच्या दिवशीही मैफलीत हजर असायची.

२

मैफलीत एक रीत होती. तिला सगळे 'भिडेचं मत' म्हणत.

सुरुवातीला कुणा एकाचं गाणं कधी वाजलंच नाही. तो रुसून निघून गेला, ते सगळ्यांच्या मनाला लागलं. तेव्हापासून ठरलं की गाणं कुणाचंही असो, ऐकलेलं असो नसो, भिडेखातर एक मत देऊन टाकायचं. कुणाचं मन मोडायचं नाही. आता सगळेच सगळ्यांना मत देणार म्हटल्यावर मतदानाला अर्थ काय राहिला? तर एवढाच, की कामाच्या गडबडीत काही जण विसरत. त्यामुळे मैफलीतला क्रम आवडीनिवडीवर न ठरता, कुणाचे हात किती रिकामे आहेत यावर ठरायचा.

थोरलीचे हात कधीच रिकामे नसत. एकदा प्लास्टर कालवलं की ते कुणाची वाट बघत नाही, आणि त्या हातांनी फोनला शिवलं तर फोनचाच साचा व्हायचा. म्हणून ती सकाळी हात ओले करण्याआधी यादीवरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवायची. सगळ्यांना एकेक मत. मग दिवसभर फोनकडे पाहायची गरज नाही.

एका सकाळी स्वल्पविरामने लिहिलं, "आपण आज अकरा जण आहोत. घड्याळजींच्या गाण्याला बारा मतं कशी?"

"चुका काढायची सवय जाणार नाही तुमची," धाकटीने लिहिलं.

"ॲपचा घोळ असेल," घड्याळजींनी लिहिलं.

"नाहीतर कुणीतरी फार भिडस्त आहे," दुसऱ्या एकाने लिहिलं, "आत यायलाही लाजतंय, पण मत देऊन जातंय." सगळे हसले. थोरलीही हसली. हसताना तिने सहज ठिपके मोजले. अकराच होते.

पुढे ते रोजचंच झालं. एक मत जास्त, कधी दोन. गंमत अशी की ही जास्तीची मतं चांगल्या गाण्यांना पडत नसत. ज्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण जुनाट, खरखरीत, त्यांना ती पडत. गाणारा मध्येच श्वास घेतोय, मागे कुणीतरी खाकरतंय, कुठेतरी दार लागतंय, असलं काही ज्यात ऐकू येई, ते गाणं वर चढायचं. थोरलीच्या हे ध्यानात आलं होतं, पण ती कुणाला बोलली नाही. एकटं राहणारी बाई असलं काही बोलली की लोक लगेच तिची काळजी करायला लागतात, आणि ते तिला नको होतं.

३

त्या दिवशी ती एका म्हाताऱ्या बाईच्या खालच्या कवळीत मेण भरत होती. कानातलं गाणं संपलं आणि पुढचं सुरू झालं, पण त्यात सूरच नव्हता.

टिकटिक होती. एका घड्याळाची नव्हे, पुष्कळ घड्याळांची, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही अशी. तिने मान वाकडी करून फोनकडे पाहिलं. गाण्याच्या नावाच्या जागी काहीच नव्हतं. कुणी टाकलं, तेही नव्हतं. मतं मात्र भरपूर होती. त्यातलं एक सकाळी फिरवलेल्या तिच्याच अंगठ्याचं असणार.

"घड्याळजी, दुकानाची जाहिरात का?" कुणीतरी लिहिलं.

"मी नाही टाकलं," घड्याळजींनी लिहिलं. "पण दुकान माझंच आहे. तो डावीकडचा लंगडा आवाज भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचा."

कानात कुणीतरी खोकलं.

"हे बघा," घड्याळजींचा पुढचा संदेश आला, "आत्ता खोकलो तो मीच."

यावर हसण्याची चित्रं भराभर येऊन पडली. थोरलीच्या कानात घड्याळं ठोके द्यायला लागली, एकामागून एक, मागेपुढे. तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. अकरा वाजत होते. ती स्वतःला म्हणाली, बाई गं, म्हाताऱ्याच्या हातून फोनचं कुठलंतरी बटण दाबलं गेलंय आणि दुकानातले आवाज आपल्याला ऐकू येतायत. यात एवढं दचकायचं काय? तिला ते पटलं. पटल्यावर तिने मेण पुन्हा हातात घेतलं.

तेवढ्यात एक खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

घाईघाईत ओढलेली नव्हती ती. फरशीवरून सावकाश सरकत, मध्ये थांबत, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने ती जवळ येत होती. मग आवाज थांबला. आणि थोरलीने जे ऐकलं ते तिला नंतर कुणाला नीट सांगता आलं नसतं. डावीकडची टिकटिक मंद झाली. बंद पडली नाही, मंद झाली. आपल्या आणि भिंतीच्या मध्ये कुणी येऊन बसलं की होते तशी.

"कोण", एवढंच घड्याळजींनी लिहिलं. पुढे काही नाही. मग ते नाव नसलेलं संपलं आणि नेहमीचं एक गाणं वाजायला लागलं.

४

त्यानंतर घड्याळजींनी मैफलीत एक शब्द लिहिला नाही. पण ते गेलेही नाहीत. त्यांचा हिरवा ठिपका सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असायचा आणि सगळे निघून गेले तरी तिथेच असायचा. ते मतं द्यायचे. गाणं टाकल्या टाकल्या पहिलं मत त्यांचं.

शेवटी स्वल्पविराम त्यांच्या दुकानात जाऊन आला, आणि त्याने थोरलीला फोन केला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला. अगदी पोरगेला होता.

"दंतकथा, तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही हसणार नाही."

"सांगा."

"बरे आहेत ते. सून म्हणाली, जेवतात, झोपतात, हाक मारली की उठतात. फक्त बोलणं सोडलंय. दुकानात बसून असतात, कानात ते इयरफोन घालून. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे."

"मग असेल वयाचं."

"हो. पण मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. पण मला तिथे उभं राहवेना. भरलेल्या बसमध्ये उभं राहिल्यावर कसं होतं, कुणाचातरी कोपर लागेल म्हणून आपण अंग चोरतो, तसं मी अंग चोरून उभा होतो. का, ते मला कळेना. घामाघूम झालो. मी मैफल सोडतोय. तुम्हीही सोडा."

"बघते," थोरली म्हणाली.

तिने खरंच पाहिलं. 'बाहेर पडा' असं लिहिलेल्या बटणावर तिचा अंगठा बराच वेळ थांबून राहिला. पण त्या बटणाच्या वर तक्रारपेटीचा हिरवा ठिपका होता. आपण बाहेर पडलो तर धाकटी तिथे एकटी उरेल, आणि ती आहे की नाही हेही आपल्याला कळणार नाही. थोरलीने अंगठा उचलला. मनाशी म्हणाली, ती बाहेर पडली की मी पडेन. तिकडे धाकटीही नेमकं हेच म्हणत असेल, असं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. बहिणी शेवटी एकाच आईच्या, हट्टही एकाच घडणीचा.

मैफलीतून पुष्कळजण गळाले. यादीत पाच-सहा ठिपके उरले. मतं मात्र वाढत होती. वीस, तीस. ती कुणाची, हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

५

सवय वाईट असते. इतकं सगळं होऊनही थोरली रोज सकाळी यादीवरून अंगठा फिरवत होती, आणि त्या दिवशीही तिने तो फिरवला. खाली जाता जाता तिच्या डोळ्यांना काहीतरी टोचलं. तिने यादी पुन्हा वर ओढली.

एका ओळीत नाव नव्हतं. थोरलीचं मत त्या ओळीला पडून चुकलं होतं, आणि दिलेलं मत परत घेता येत नसे. ती ओळ तिच्या डोळ्यांदेखत वर सरकली.

गाणं वाजण्याआधी त्यावर बोट दाबून धरलं तर त्याचा एक तुकडा ऐकता यायचा. थोरलीने बोट दाबून धरलं.

नळ ठिबकत होता. थेंब पत्र्याच्या सिंकमध्ये न पडता आत ठेवलेल्या पातेल्यात पडत होता, कारण तो नळ आईच्या वेळेपासून ठिबकायचा आणि आईने त्याच्याखाली पातेलं ठेवायची सवय दोघींना लावली होती. मग फ्रिज कण्हत सुरू झाला. मग कुणीतरी शिंकलं, आणि लागोपाठ पुन्हा शिंकलं, आणि नाक ओढत स्वतःशीच पुटपुटलं, "मेलं हे नाक."

ते आईचं स्वयंपाकघर होतं आणि शिंकणारी धाकटी होती.

त्या ओळीच्या वर अजून दहा-बारा गाणी होती. तेवढाच वेळ होता. यादीतून गाणं काढून टाकायचा अधिकार फक्त घड्याळजींना होता, आणि घड्याळजींना काही सांगण्यात अर्थ नव्हता. तिने बहिणीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा धाकटीने उचलला.

"काय आहे?" इतक्या महिन्यांनी बहिणीच्या तोंडचे पहिले दोन शब्द हे.

"कानातलं काढ आणि घराबाहेर पड."

"काय?"

"यादीत ते आलंय. नाव नसलेलं. तुझं स्वयंपाकघर आहे त्यात. मी ऐकलं. तू आत्ता शिंकलीस ना?"

"सर्दी झालीय, शिंकणारच. ताई, तुला बरं नाहीये का?"

"घड्याळजींचं काय झालं ते माहितीये ना तुला? बाहेर पड म्हणते ना मी! एकदा तरी माझं ऐक गं!" आणि थोरलीला रडू फुटलं. आईच्या वेळी ती रडली नव्हती, सगळं आवरायचं होतं म्हणून. आता प्लास्टरच्या वाडग्यासमोर उभी राहून ती लहान मुलीसारखी हुंदके देत होती आणि तिला ते थांबवता येत नव्हतं.

तिकडे धाकटीचा आवाज बदलला.

"बरं, बरं. रडू नकोस. पडते बाहेर. पण जाऊ कुठे?"

'माझ्याकडे ये.' शब्द थोरलीच्या ओठांवर होते. पण ते तिने एकदा बोलून पाहिले होते आणि त्याचं उत्तरही ऐकलं होतं. ती म्हणाली, "कुठेही जा. रस्त्यावर जा, बाजारात जा. पण घरात थांबू नकोस."

"कुठेही," धाकटी म्हणाली. "ठीक आहे." आणि फोन ठेवला.

६

थोरलीने मैफल उघडली. तक्रारपेटीचा ठिपका हिरवाच होता.

म्हणजे ती ऐकतेच आहे. बाहेर पडली की नुसतं 'पडते' म्हणाली? लहानपणीही ती 'अभ्यास करते' म्हणून गोष्टी वाचत बसायची. पुन्हा फोन लावला तर उचलेना. पाऊण तास गेला, वरची गाणी एकेक करून संपत होती. थोरलीने आपली सगळी गाणी यादीत ओतली, त्यातलं एखादं तरी त्या ओळीच्या वर जाऊन बसेल म्हणून. त्यांना एकदोन मतं पडली. तिकडे त्या ओळीची मतं मोजण्यापलीकडे गेली होती.

मग तिच्या ध्यानात आलं, आणि ध्यानात आल्यावर ती एकदम शांत झाली. ती जास्तीची मतं देणाऱ्यांना गाणी नकोच होती. त्यांना खोली हवी होती, जिच्यात कुणीतरी एकटं आहे.

तिने गुरगुरणाऱ्या मशीनशेजारी फोन धरला आणि थोडा वेळ आपल्या खोलीचा आवाज टिपला. मशीन, नळ, खुर्चीवर बसून सोडलेला एक सुस्कारा. नावाची जागा रिकामी ठेवली आणि ते यादीत टाकलं.

मतं अशी पडली की आकडा वाचता येईना. तिची ओळ उडी मारून सगळ्यात वर गेली आणि धाकटीचं स्वयंपाकघर घसरत घसरत यादीच्या तळाशी गेलं, आणि मग दिसेनासंच झालं. जणू कुणाला ते आता नको होतं.

थोरली उठली. ती वेडी नव्हती. खोली द्यायची, पण स्वतःला कशाला द्यायचं? तिने मशीन बंद केलं, पर्स उचलली, आणि बाहेर पडून पुढच्या जिन्याने खाली आली. दाराला कुलूप घालायचंसुद्धा तिला सुचलं नाही. समोरच्या फुटपाथवर एक बाक होता. त्यावर ती बसली. तिथून तिची खिडकी स्वच्छ दिसत होती. ऊन पडलं होतं, माणसं येत-जात होती, कुणीतरी भिंतीला शिडी लावून पाटी पुसत होतं. या म्हणावं आता, ती मनात म्हणाली. या आणि बसा रिकाम्या खोलीत.

तिच्या कानातलं गाणं संपलं.

७

खोली सुरू झाली.

मशीन गुरगुरत नव्हतं. टिपलेल्या आवाजात ते गुरगुरत होतं, थोरलीला पक्कं आठवत होतं. आता मात्र ते बंद होतं, तिने निघताना केलं तसं. म्हणजे वाजत होतं ते तिने टिपलेलं नव्हतंच. आत्ताची खोली वाजत होती. नळाची हलकी सूं, खिडकीच्या पडद्याची फडफड. तिने वर पाहिलं. खिडकीत पडदा फडफडत होता.

ती वाट पाहत राहिली. तिला भीती वाटत होती, पण त्या भीतीत थोडा आनंदही होता, हे खोटं कशाला बोला. तिने बहिणीला वाचवलं होतं.

दार वाजलं. उघडलं. पावलं आली, थबकत, चाचपत. काहीतरी जड खाली ठेवल्यासारखा आवाज झाला. मग खुर्ची करकरली. कुणीतरी तिच्या खुर्चीवर बसलं होतं.

थोरलीने बाकाची कड घट्ट धरली. बसा, बसा.

आणि कुणीतरी शिंकलं. लागोपाठ पुन्हा शिंकलं.

"ताई?" कानातून आवाज आला. "अगं, दाराला कुलूपसुद्धा न लावता गेलीस कुठे? ताई?"

मागचा जिना. बसथांबा इमारतीच्या मागच्या बाजूला होता, आणि बसने येणारं माणूस मागच्याच जिन्याने वर जाणार. थोरली पर्स बाकावर टाकून धावली. गाड्यांमधून वाट काढत तिने रस्ता ओलांडला. फोन काढून ती ओरडणार होती, बाहेर हो, बाहेर हो म्हणून, पण घाईत फोन निसटून जिन्याच्या पायरीवर पडला आणि तिने तो उचलला नाही. कानात आवाज चालूच होता. जिना चढताना तिला ऐकू येत होतं, धाकटी स्वतःशीच बडबडत होती, "ही बाई म्हणजे... आता हिची वाट बघत बसायचं." मग ती काहीतरी गुणगुणायला लागली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, सावकाश, मध्ये थांबत. आणि गुणगुणणं थांबलं.

जिन्याच्या वळणावर फोन मागे राहिल्यामुळे कानातला आवाज तुटला, आणि तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू आला.

दार उघडंच होतं. धाकटी खुर्चीत बसली होती, दाराकडे पाठ करून. तिचे केस आईसारखे मागे बांधलेले होते. दाराशेजारी एक मोठी बॅग ठेवलेली होती, ठासून भरलेली, इतकी की साखळी पुरती लागली नव्हती आणि आतून घरात घालायच्या कपड्यांची बाही बाहेर आली होती. दोन दिवसांसाठी कुणी एवढी बॅग भरत नाही. ती राहायला आली होती.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. थोरलीने टेबलाखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. खुर्चीही एकच होती. फक्त धाकटीची मान एका बाजूला कलली होती. शेजारी बसलेलं माणूस हळू आवाजात काही सांगत असलं, की आपण कान पुढे करतो, तेवढीच. आणि त्या बाजूला, टेबलावर सकाळी सांडलेल्या प्लास्टरच्या पांढऱ्या पुडीत कुणीतरी नुकतंच कोपर टेकलं होतं. खळगा पडला होता. थोरली बघत होती तेव्हाही त्याच्या कडेची पूड किंचित ढासळत होती.

"छकुले," थोरलीने हाक मारली. लहानपणानंतर तिने या नावाने कधी हाक मारली नव्हती.

धाकटीने मागे पाहिलं नाही.

थोरली आत गेली. तिने आधी बॅग उचलली आणि भिंतीशी नीट लावून ठेवली, बाहेर आलेली बाही आत सरकवली आणि साखळी ओढून पुरती बंद केली. मग ती बहिणीपाशी गेली, जिकडे मान कललेली नव्हती त्या बाजूने, आणि गुडघ्यांवर बसून तिने तिचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता.

"आलीस ना," ती म्हणाली, "बरं केलंस. मी मघाशी म्हणणारच होते, माझ्याकडे ये म्हणून. ओठांवर होतं गं माझ्या. आता इथेच राहा."

धाकटी ऐकत होती. इतकं मन लावून तिने उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. थोरली बोलतच राहिली, घरातल्या कुठल्या खोलीत तिची गादी घालायची, सकाळी आधी कोण उठणार, सगळं सांगत राहिली, आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की तिच्या प्रत्येक वाक्यानंतर बहिणीचा चेहरा जरासा आक्रसतो, मध्येच कुणी बोलल्यामुळे दुसऱ्याचं ऐकायचं राहून गेल्यासारखा.